आघाताचा खर्च गाव आजही भरतंच आहे, तो वहीत कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत सदस्य आहात. दारू, कर्ज, मुलींची लवकर लग्नं आणि औषध पिऊन जीव देण्याचे प्रकार गावात वाढलेत असं तुम्हाला दिसतंय. बैठकीत मानसिक आघाताचा विषय काढला की उत्तर मिळतं, "हे ज्याच्या त्याच्या घरचं, पंचायतीचा पैसा रस्त्या-गटारीला लागतो." म्हणून तुम्ही विचारताय की यात सरकारचा आणि समाजाचा पैसा किती जातो हे आकड्यांत मांडता येईल का, आणि मांडल्यावर मागायचं काय?

मांडता येतं. पण आकडा नाही ही तुमची खरी अडचण नव्हे. पैसा आजही जातोच आहे. तो पोलिस, आरोग्य, महसूल, शिक्षण आणि महिला-बालविकास अशा वेगवेगळ्या खात्यांच्या रजिस्टरांत विखुरलाय आणि उरलेला मोठा हिस्सा घराच्या कर्जात दडलाय. एका घराच्या नावावर तो एकत्र कुणीच लावत नाही, म्हणून प्रत्येक खात्याला आपला भाग किरकोळ वाटतो. तुमचं काम तो एका ओळीत आणायचं आहे.

आधी आघात कशाला म्हणायचं ते ठरवू या, नाहीतर गावातलं सगळंच दुःख त्यात मोजलं जाईल. जिवावर बेतणारा, अब्रूवर घाला घालणारा किंवा डोक्यावरचं छप्पर नेणारा प्रसंग घडला की झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, चिडचिड होणं साहजिक आहे. जागा सुरक्षित असेल, माणसं जवळ असतील आणि रोजचा दिवस पुन्हा मार्गी लागला, तर बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं आणि काम, जेवण, नाती बिघडायला लागली, तर उपचार लागतात. सामाजिक कारणं मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे दुखणं रेंगाळण्यात येतात. प्रसंग एका दिवसाचा असतो, पण नंतर वर्षभर दारात येणारा वसुलीवाला, कोर्टाच्या तारखा, नुकसानभरपाईचे हेलपाटे आणि गावातली कुजबुज हे सगळं जखम भरू देत नाही.

राज्याच्या पातळीवर असा हिशेब कसा होतो याचा चांगला नमुना कॅलिफोर्नियाचा आहे. तिथल्याच सॅन डिएगोत 17,000 हून अधिक प्रौढांना बालपणातल्या मारहाण, अत्याचार, दुर्लक्ष, घरातलं व्यसन अशा अनुभवांबद्दल विचारलं गेलं होतं. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट दिसला. पुढे 2013 या एका वर्षासाठी कॅलिफोर्नियात बालपणीच्या आघातांमुळे पडणारा बोजा काढला, तो 112.5 अब्ज डॉलर भरला. त्यात दवाखान्याचा जादा खर्च फक्त 10.5 अब्ज होता. बाकीचे 102 अब्ज म्हणजे आजारपणात आणि अकाली मरणात गेलेल्या आयुष्याच्या वर्षांची किंमत. तुमच्या बैठकीत हे प्रमाण सांगा: इस्पितळाचं बिल दहाव्या भागापेक्षाही कमी. आपल्याकडे चर्चा मात्र बिलापाशीच थांबते.

पण त्या आकड्याला लोकसंख्येने भागून गावाचा आकडा काढू नका. मजुरी वेगळी, इस्पितळाचे दर वेगळे, कारणंही वेगळी. खालून वर जा, म्हणजे एक घर घेऊन त्याची नोंद कुठकुठल्या रजिस्टरात होते ते पाहा.

समजा, बत्तीस वर्षांचा शेतकरी आहे, दोन एकर ऊस, बायको, दोन मुलं, म्हातारी आई. कर्ज आणि दारू यांवरून भांडण झालं, त्याने कीटकनाशक घेतलं आणि तो वाचला. पहिली नोंद 108 च्या गाडीची. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका इस्पितळ आणि बेळगावचं मोठं इस्पितळ. अतिदक्षता विभागातले दिवस, लागलं तर व्हेंटिलेटर, शिवाय एमएलसी (पोलिसांना कळवावं लागतं अशा प्रकरणाची इस्पितळातली नोंद) आणि पोलिसांचा जबाब. हा सरकारी स्तंभ. दुसरा स्तंभ घराचा. दोन माणसं बारा दिवस इस्पितळात बसली. 2025-26 चा रोजगार हमीचा 370 रुपये दर धरला, तर 24 दिवसांचे 8,880 रुपये. तो स्वतः दोन महिने कामावर नाही, म्हणजे 60 दिवसांचे 22,200. नुसती बुडालेली मजुरीच 31,080 झाली. वरखर्चासाठी 40,000 शेकडा पाचने काढले, तर महिन्याला 2,000 नुसतं व्याज. नववीतली मुलगी आजीजवळ आणि गोठ्याकडे थांबली, तिची हजेरी तुटली. ही तिसऱ्या स्तंभाची सुरुवात: समाजाचं नुकसान, जे पुढच्या दहा-वीस वर्षांत दिसतं.

तोच माणूस गेला असता, तर पोस्टमॉर्टेम, पंचनामा आणि असिस्टंट कमिशनरांच्या समितीपुढे प्रकरण. कर्जामुळे झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ते मंजूर झालं, तर 5 लाखांची मदत आणि पत्नीला पेन्शन. इथे लोक एक ठरलेली चूक करतात: 5 लाखही धरतात, त्याची बुडालेली कमाईही धरतात आणि दोन्हींची बेरीज करतात. भरपाई म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. ती सरकारी स्तंभात लिहा, समाजाच्या स्तंभात नको. तिथे फक्त बुडालेली कमाई आणि वापरलेली साधनं. सावकाराच्या व्याजाचंही तसंच: घराला तो खड्डा आहे, पण समाजाच्या बेरजेत तो घेऊ नका. तिन्ही स्तंभ वेगळे ठेवलेत की कुणी हिशेबात खोट काढू शकणार नाही.

माहिती मिळवायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, फी 10 रुपये. कर्नाटकाच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. म्हणून पोलिस ठाण्याला वेगळा, तालुका इस्पितळाला वेगळा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना वेगळा. कन्नडमध्ये लिहून घ्या, म्हणजे भाषेच्या कारणाने तो परत येणार नाही. नावं मागू नका. मागायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत वय, लिंग आणि प्रकारानुसार आकस्मिक मृत्यूची प्रकरणं किती, विषबाधेच्या एमएलसी किती, आठवी ते दहावीतून शाळा सुटलेली मुलं-मुली किती. गावाचे आकडे बाहेर मांडू नका, तीन-चार प्रकरणं असली की कोण ते सगळ्यांना कळतं. शेजारच्या पाच-सहा पंचायतींचे मिळून, तीन वर्षांचे एकत्र मांडा.

या रजिस्टरांमधली खोटही ओळखून ठेवा. मृत्यूच्या कारणापुढे "पोटदुखीला कंटाळून" किंवा "जीवनाला कंटाळून" असं ठरलेलं वाक्य असतं. जबाब देणारे घरचे कर्जाचा किंवा मारहाणीचा उल्लेख टाळतात आणि लिहिणाऱ्यालाही प्रकरण मिटवायचं असतं. वाचलेल्या माणसाची नोंद "चुकून औषध पोटात गेलं" अशी होते, कारण पोलिसांची भीती. ती भीती आता धरण्याचं कारण नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलमही राहिलेलं नाही. हे आशा ताईंना आणि बचत गटांना आवर्जून सांगा, कारण खरं कारण सांगितलं तरच डॉक्टर नीट उपचार करतात.

सीमाभागातली वेगळी खोट म्हणजे माणूस राहतो कर्नाटकात आणि उपचार घेतो मिरजेत, कोल्हापुरात किंवा गोव्यात. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली महात्मा फुले आरोग्य योजना 865 सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. राजकारण बाजूला ठेवलं तरी हिशेबापुरतं एवढं खरं की बेळगावच्या रजिस्टरात जो आकडा दिसेल तो कमीच असणार. आणि उलटं दुहेरी मोजणंही होतं: एकच रुग्ण आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा तिन्ही ठिकाणी चढतो. तारीख, वय आणि गाव जुळवून तो एकदाच धरा.

कारणं कुठली, हे मात्र गावावर अवलंबून आहे. तुमच्या तालुक्यात घाटाखाली गोव्याला कामाला गेलेली तरुण पोरं, जंगलालगतची दूरची गावं आणि मागे राहिलेल्या सासू-सुना हे चित्र आहे. निपाणीकडे तंबाखू-विडीत राबणाऱ्या बायका. शहापूर-वडगावात हातमाग-यंत्रमागाचा मंदावलेला धंदा. सौंदत्ती, रायबाग या पट्ट्यात देवदासी प्रथेच्या जखमा अजून आहेत: कर्नाटकाने 1982 मध्ये कायद्याने ती प्रथा बंद केली, पण त्या घरांतल्या मुलांना बापाचं नाव विचारणारा समाज तसाच आहे. अथणी-चिकोडीच्या कारखान्यांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची मुलं हंगामभर शाळेबाहेर असतात, आणि ती कुठल्याच गावच्या हिशेबात नसतात.

सगळीकडे सारखी अशी दोन कारणं आहेत, दारू आणि हप्ता. कर्नाटकात 2007 पासून गावठी अरॅक बंद आहे, तरी नव्वद मिलीचं पाकीट किराणा दुकानात चोरून मिळतं. मुलं झोपायच्या आधी घरात काय होतं ते त्या पाकिटावर ठरतं. हप्त्याचं गणित अधिक क्रूर आहे. मायक्रोफायनान्सच्या गटात एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या बायका तिच्या उंबऱ्यावर येऊन बसतात. त्यांनाही दोष देता येत नाही, कारण हमी त्यांची असते. कर्जाच्या रकमेपेक्षा ही उंबऱ्यावरची बेअब्रूच माणसाला मोडते. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्याचा मथितार्थ मराठीत छापून पंचायतीच्या फलकावर लावणं हे बिनखर्चाचं पहिलं काम. 2022 साली देशात नोंदलेल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 13,606 कर्नाटकातल्या होत्या, आणि देशभरच्या कारणांत कौटुंबिक प्रश्न 31.7 टक्के, आजारपण 18.4 टक्के होतं. म्हणजे 'घरचं' म्हणून सोडून दिलेलं कारणच यादीत पहिलं आहे.

आता मागायचं काय. माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट मागा, कारण ती स्वस्त आहे आणि तिचा पुरावा भक्कम आहे: आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या प्रत्येकाशी अठरा महिने ठरलेला संपर्क. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी 1,867 जणांचे दोन गट करून हे तपासून पाहिलं. घरी सोडताना तासाभराची नीट समजूत, मग पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात फोन किंवा भेट. एकूण नऊ. अठरा महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने गेलेले 2.2 टक्के होते, संपर्क ठेवलेल्या गटात 0.2 टक्के. हजारात बावीस आणि हजारात दोन, एवढा फरक.

या नऊ भेटींत काय बोलायचं? उपदेश नको. झोप लागते का, जेवण जातं का, दारू किती, गोळ्या चालू आहेत का, हप्त्याचं काय झालं, घरात औषधाची बाटली कुठे ठेवलीय, आणि सरळ हेही: "मरावंसं पुन्हा वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बिघडतं ते भलत्याच ठिकाणी. नंबर बायकोचा असतो आणि माणूस गोव्यात. आशा ताई त्याच भावकीतली असते, म्हणून तो तोंड उघडत नाही. पहिले तीन संपर्क झाल्यावर "आता बरा आहे" म्हणून वही बंद होते. म्हणून फोन कुणी करायचा हे त्या माणसालाच निवडू द्या: आशा, निवृत्त शिक्षक, नर्स, बचत गटातली जाणती बाई. दोन नंबर लिहून घ्या. सलग दोन फोन लागले नाहीत तर घरी जायचं. वही कुलपात, आणि ती पंचायतीच्या बैठकीत उघडायची नाही.

याचा खर्च? एका भेटीला येण्याजाण्याचे आणि फोनचे 200 रुपये धरले तरी नऊ भेटींचे 1,800. वर आपण नुसती बुडालेली मजुरी 31,080 काढली होती. गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत मोकळा निधी मिळतो. त्यातून पाच माणसांचा पूर्ण संपर्क होतो. नव्या योजनेची वाट बघायला नको.

दुसरी मागणी भाषेची. राज्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मंगळवारी तालुका इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञ येतात. तिथे मराठी बोलणारी नर्स किंवा समुपदेशक त्या दिवशी हजर असावा असा ठराव करा. बाजारापुरतं कन्नड येणारी बाईही "छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, घरात पाऊल टाकावंसं वाटत नाही" हे परक्या भाषेत सांगू शकत नाही. मग सोबत आलेली शाळकरी मुलगी दुभाषी होते. आईला बापाने कसं मारलं हे त्या मुलीने डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगायचं, आणि डॉक्टरांचे प्रश्न परत आईला विचारायचे. आई निम्मं गिळते, मुलीवर दुसरा घाव बसतो, आणि कागदावर 'डोकेदुखी, अशक्तपणा' एवढंच उरतं. मुलांना दुभाषी करायचं नाही हा नियम इस्पितळाच्या भिंतीवर लिहून घ्या. 2023 पासून राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे मंगळवारची फेरी त्यांना परवडते. अडतं ते मजुरी बुडण्यावर.

गोळ्यांबद्दल थोडं. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि लोक दहाव्या दिवशी सोडतात, हे दुसऱ्या आठवड्याच्या फोनमध्येच सांगायचं. आणि ताज्या आघातानंतर झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका. पहिल्या महिन्यात अशा गोळ्या आघाताच्या लक्षणांवर द्यायच्या नाहीत, असंच जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. सवय लागते, दुखणं तिथेच राहतं.

शाळेसाठी एकच खूण पुरेशी आहे: सलग सात दिवस गैरहजेरी दिसली की मुख्याध्यापकांनी पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कळवायचं आणि कुणीतरी घरी जायचं. मुलगी असेल तर स्थळ बघणं चालू आहे का तेही पाहायचं, कारण लग्न बहुधा पलीकडे चंदगड, गडहिंग्लज किंवा जतकडे जाऊन लावतात आणि इकडे पत्ता लागतो तेव्हा तिचं तायी कार्ड (गरोदरपणाचं नोंदणी कार्ड) निघालेलं असतं, त्यावर वय वाढवून. कर्नाटकाच्या दुरुस्तीनुसार बालविवाह मुळातच रद्दबातल आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लग्नाआधी गेला तर त्याचा उपयोग.

एक गोष्ट करू नका. त्या सॅन डिएगोच्या अभ्यासातले प्रश्न मराठीत करून घरोघरी विचारत फिरू नका. हल्ली अशा प्रश्नावल्या फिरतात. कॅलिफोर्नियात ते दवाखान्यात, संमतीने विचारतात. कुठला प्रसंग घडला हे न सांगता फक्त एकूण संख्या लिहायची सोय असते, आणि त्यापुढे मदतीची व्यवस्था असते. इथे अंगणात, सासूसमोर, मदतीला कुणी नसताना तेच विचारणं म्हणजे खपली काढून निघून जाणं.

चिकोडी, अथणी, रामदुर्ग, गोकाककडचं कुणी हे वाचत असेल तर पुराबद्दल. ऑगस्ट 2019 च्या पुरात पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख आणि थोड्या पडझडीला 50,000 असा फरक होता, म्हणजे पंचनाम्यातलं एक अक्षर (नुकसानीचा गट ए, बी की सी) घराचं नशीब ठरवत होतं. पाणी आठवड्यात उतरतं, त्या अक्षराची भांडणं वर्षानुवर्षं चालतात. गट कुठला लागला आणि का, हे लेखी आणि घरच्या भाषेत देणं हाही आघातावरचा उपचारच आहे. काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात) एका गल्लीची माणसं एकाच खोलीत ठेवा, संडासाच्या वाटेवर दिवा लावा, मुलांची शाळा तिसऱ्या दिवशी तिथेच सुरू करा. आणि जनावरांच्या चाऱ्याची सोय आधी करा, नाहीतर घरचा कर्ता पाण्यात गोठ्यापाशीच थांबतो.

तुमच्या ठरावात तीनच वाक्यं असू द्या: नऊ संपर्कांची वही आणि तिचा निधी, मंगळवारी मराठी बोलणारा माणूस, सात दिवसांच्या गैरहजेरीवर घरभेट. बाकी हिशेबाचे तीन स्तंभ जोडपत्रात. ठराव कन्नड आणि मराठी दोन्हीत करा, प्रत तालुका पंचायतीच्या ईओंना (कार्यकारी अधिकाऱ्यांना) आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

माहितीच्या अर्जांची उत्तरं यायला महिना जाईल. तोवर थांबू नका. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत असा कुणी इस्पितळातून घरी आला असेल, तर पहिला संपर्क याच आठवड्यात करा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या आणि घरच्या दोघांच्या फोनमध्ये घालून द्या. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलणारा माणूस मागता येतो.